संग्रहालयातील जुन्या कॅसेट थेट यूट्यूबवर टाकता येतील का?

तालुक्यातील एका छोट्या संग्रहालयाने २०००च्या आसपास स्वतः मुद्रित केलेल्या भारुडांच्या, ओव्यांच्या आणि मुलाखतींच्या कॅसेट व व्हीएचएस टेप लोकांसाठी खुल्या कशा कराव्यात, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते डिजिटायझेशन आजच सुरू करावे. प्रसिद्धीची मात्र घाई करू नये.

ध्वनिमुद्रण संग्रहालयाने करवून घेतले असेल, तर त्याचा कॉपीराइट सहसा संग्रहालयाकडे असतो. परंपरागत ओवीला एक कर्ता नसतो हेही खरे. पण ती गाणाऱ्या बाईला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क असतो आणि कॉपीराइट कायद्यानुसार तो सादरीकरणाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ५० वर्षे टिकतो, म्हणजे २००१ साली गायलेल्या ओवीसाठी २०५१ अखेरपर्यंत. तिने तेव्हा टेपरेकॉर्डरसमोर गायला होकार दिला, म्हणून जगभर ऐकवण्यालाही दिला, असे गृहीत धरू नये. कलावंत हयात नसल्यास वारसांना भेटून लेखी संमती घ्यावी. मुलाखतींत भाऊबंदकी, जमिनीचे वाद, कुणाच्या तरी आजारपणाचा उल्लेख हमखास निघतो, तेव्हा त्या आधी पूर्ण ऐकाव्यात (हे कंटाळवाणे काम सगळेच टाळतात). संमती मिळेपर्यंत ते ध्वनिमुद्रण संग्रहालयातील संगणकावरच ऐकू द्यावे.

खरा वेळ नोंदींना लागतो. नाव, गाव, तारीख, गीतप्रकार आणि कोणत्या मिनिटाला काय आहे, एवढे नसेल तर ऑनलाइन टाकलेली तासाभराची फाइल कुणालाही सापडत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांमधून ‘परी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, ग्रामीण भारताविषयीचा ऑनलाइन संग्रह) संकेतस्थळावर जे प्रसिद्ध होते, ते पाहावे: तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही दिलेले असते.

तांत्रिक बाजू त्यामानाने सोपी आहे. मूळ डिजिटल प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह (WAV) स्वरूपात ठेवावी. एका तासाच्या स्टिरिओ मुद्रणाला सुमारे २ जीबी जागा लागते. लोकांसाठी तिच्यावरून एमपी३ प्रत काढावी आणि मूळ प्रतीची एक नक्कल दुसऱ्या इमारतीत ठेवावी. बुरशी आलेली किंवा चिकट झालेली टेप मात्र घरच्या डेकमध्ये घालू नये, ती तज्ज्ञाकडेच द्यावी. डिजिटल प्रत झाली म्हणून मूळ कॅसेट रद्दीत काढू नयेत, कारण हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) नीट जुळवलेल्या चांगल्या डेकवर तीच कॅसेट पुन्हा उतरवली, तर पहिल्या वेळी दबलेला आवाज स्पष्ट मिळू शकतो.