व्हेरिएबल व्होल्टेज की फिक्स्ड? सिगारेट सोडायला पहिला व्हेप कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापासून इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आहात, दिवसाला १५ सिगारेटी होतात आणि त्या सोडण्यासाठी व्हेप (निकोटीनच्या लिक्विडची वाफ ओढायची ई-सिगारेट) घ्यायचाय. दुकानदार म्हणतो व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा घ्या, ऑफिसातला मित्र म्हणतो एकाच व्होल्टेजवर चालणारा साधा घे. कोणाचं ऐकू?

मित्राचं ऐका. पहिले सहा महिने तरी साधाच घ्या. आणि व्होल्टेजवर जेवढा विचार करताय त्याच्या दुप्पट विचार लिक्विडमधल्या निकोटीनवर करा. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण या दोन्ही चुका मी केल्या आहेत आणि त्यापायी माझी अडीच-तीन वर्षं सिगारेटीतच गेली.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे उत्तर सिगारेट ओढणाऱ्यांसाठी आहे. कोणी सिगारेट ओढत नसेल आणि नुसतं कुतूहल म्हणून हे वाचत असेल, तर त्याने कुठलाच व्हेप घेऊ नये. इथली आरोग्यसेवा म्हणजे एनएचएससुद्धा हेच सांगते: सिगारेटपेक्षा धोका बराच कमी, पण निर्धोक नाही.

मला सिगारेट लागली सांगलीला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. टपरीवर कटिंगसोबत एक, अशी सुरुवात झाली आणि लेस्टरला येईपर्यंत दिवसाला १५-१६ वर गेलो होतो. २०१६ साली पहिला व्हेप घेतला तो पेनासारखा, बुडाशी फिरवायची चकती असलेला. चकतीवर ३.३ ते ४.८ व्होल्टचे आकडे. विद्युत शाखेचा माणूस, हातात फिरवायला चकती मिळाल्यावर खूशच झालो. दुकानदाराने सोबत ६ मिलिग्रॅमचं (म्हणजे दर मिलिलिटरला तेवढं निकोटीन असलेलं) लिक्विड दिलं आणि सांगितलं की कमी वाटलं तर व्होल्टेज वाढवा. मी वाढवत गेलो. ४.५ व्होल्टवर बरं वाटायला लागलं. दोन आठवड्यांनी कॉइल (लिक्विडने भिजलेला कापूस तापवणारी तार) बदलायची वेळ आली, मी डबा उचलून आणला, कॉइल बसवली, चकती होती तिथेच ठेवली. पहिल्याच झुरक्याला घशात असा करपट ठसका बसला की डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा, तिसरा, तेच. त्या रात्री कोपऱ्यावरच्या दुकानातून सिगारेटचं पाकीट आणलं.

काय झालं होतं, ते मला नंतर कळलं. पहिली कॉइल १.८ ओहमची होती, नवीन डब्यातली १ ओहमची. शाळेत शिकलेलं सूत्र आठवा: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती. ४.५ चा वर्ग २०.२५. तो १.८ ने भागला की सव्वाअकरा वॅट, १ ने भागला की सव्वावीस वॅट. चकतीवरचा आकडा तोच, पण कॉइलवर पडणारी आच जवळपास दुप्पट. जी कॉइल १०-१४ वॅटसाठी बनवली आहे तिच्यावर २० वॅट सोडले तर कापसात नवं लिक्विड पोचायच्या आत आधीचं वाफ होऊन जातं आणि कोरडा कापूस करपतो. फोडणीत तेल चमचाभर आणि गॅस मोठा केला तर मोहरी तडतडायच्या आधी काळी पडते, तसंच.

म्हणून व्होल्टेज हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. ३.७ व्होल्ट कमी की जास्त, या प्रश्नाला कॉइलचा ओहम माहीत असल्याशिवाय उत्तर नाही. १.२ ओहमवर ते साडेअकरा वॅटच्या जवळ जातं, ०.६ ओहमवर पावणेतेवीस वॅट. तुम्हाला बघायचा आकडा वॅटचा. तो कॉइलवर किंवा पॉडच्या (कॉइल आत असलेल्या लिक्विडच्या छोट्या डबीच्या) बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो, "१०–१४ वॅट" असा. दुकानात उभं असतानाच तो वाचून घ्या, घरी येऊन नाही.

याच कारणाने नुसतं व्होल्टेज फिरवायची चकती आता बरीच मागे पडली. आज दुकानदार ज्याला "व्हेरिएबल" म्हणतो तो बहुतेक वेळा वॅट ठरवता येणारा असतो. तुम्ही १२ वॅट लावले की आतली चिप कॉइलचा रोध मोजते आणि व्होल्टेज स्वतः ठरवते: १.२ ओहमला साधारण ३.८ व्होल्ट, ०.८ ओहमला ३.१. माझ्यासारखी कॉइल बदलून करपण्याची चूक त्यात सहसा होत नाही. तरीही पुढे व्हेरिएबल घ्यावासा वाटला, तर व्होल्टचा नाही, वॅटचा घ्या.

"फिक्स्ड" या शब्दाखालीही तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि तुमच्या मित्राला नेमकी कुठली म्हणायचीय ते विचारा.

पहिल्या प्रकारात मध्ये चिपच नसते, बॅटरी सरळ कॉइलला जोडलेली. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते आणि उतरत उतरत ३.३ च्या आसपास येते. म्हणजे १ ओहमच्या कॉइलवर सकाळी साडेसतरा वॅट आणि संध्याकाळी अकराच्या आत. सकाळचा झुरका घसा धरतो आणि संध्याकाळी काहीच लागत नाही, लोक मात्र लिक्विडला दोष देत राहतात. ऑफिसातून घरी यायच्या वेळी, म्हणजे तलफ सर्वात जोरात असते तेव्हाच, यंत्र मरगळलेलं असतं. हा प्रकार घेऊ नका. दुसऱ्या प्रकारात चिप व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवते, बॅटरी संपेपर्यंत झुरका सारखा. तिसरा, आज सर्वात जास्त मिळणारा, म्हणजे पॉड: चिप पॉडमधली कॉइल ओळखते आणि तिला योग्य तेवढेच वॅट देते, तुमच्या हातात बटणसुद्धा नसतं, ओढलं की चालू. तुमच्यासाठी मी हा तिसरा सांगेन. ०.८ ते १.२ ओहमच्या कॉइलचा, सिगारेटसारखा घट्ट ओढावा लागणारा, आणि पुन्हा भरता येणारा. एकदा वापरून फेकायचे व्हेप तसेही १ जून २०२५ पासून या देशात विकायला बंदी आहे.

आता त्या करपट झुरक्याबद्दल थोडं अजून, कारण हा फक्त चवीचा प्रश्न नाही. लिक्विड मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं असतं. पहिलं १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं २९० ला. त्याहून खूप जास्त तापवलं की ते नुसतं उकळत नाही, तुटतं, आणि फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन असली विषारी द्रव्यं तयार होतात. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं व्होल्टेज बदलता येणारं उपकरण घेऊन हे तपासलं होतं. ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला भरपूर सापडली. बातम्या झाल्या की व्हेप सिगारेटपेक्षा वाईट. मग ग्रीसचे हृदयरोगतज्ज्ञ फार्सालिनोस यांनी दाखवून दिलं की इतकं प्रमाण येतं ते कापूस कोरडा पडल्यावर, आणि तसा झुरका इतका असह्य असतो की वापरणारा ओढतच नाही. माझ्या मते दोघांच्या कामातून तुमच्या उपयोगाची गोष्ट एकच निघते: करपट लागलं की थांबा. "आणखी दोन झुरके मारून बघतो" असं करू नका. चकतीच नसेल तर ती वेळ फार क्वचित येते, हा साध्या उपकरणाचा मोठा गुण.

आता निकोटीन. दुकानात याबद्दल मला कोणी एक शब्द विचारला नव्हता. २०१९ साली इथल्या सिगारेट सोडवण्याच्या मोफत सेवेत गेलो, तर तिथल्या बाईंचा पहिला प्रश्न होता: सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट पेटवता? मी म्हटलं, दात घासायच्या आधी. त्या म्हणाल्या, मग ६ मिलिग्रॅमने तुमचं कसं भागलं असतं?

माझ्या पहिल्या प्रयत्नातली खरी चूक हीच होती. निकोटीन कमी पडत होतं आणि मी ती भूक व्होल्टेजने भागवत होतो. वाफ जास्त, आच जास्त, झुरके जास्त, तरी तलफ तिथेच. यावर लंडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही आहे. त्याच लोकांना आधी एका आणि मग दुसऱ्या, ६ आणि १८ मिलिग्रॅमच्या लिक्विडवर ठेवलं, तर कमी निकोटीनवर त्यांनी जास्त वेळा आणि जास्त लांब झुरके मारले. म्हणजे "हलकं" म्हणून घेतलेल्या लिक्विडने शरीरात बाकीची वाफ जास्त गेली.

इथे कायद्याने जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर २० ने सुरुवात करा, निकोटीन सॉल्ट प्रकारचं, ते घशाला कमी लागतं. तास-दोन तास निघत असतील तर १० पुरेल. डोकं गरगरलं, मळमळलं तर जास्त होतंय, बाजूला ठेवा. मात्र हेच २० चं लिक्विड कधीही ४०-५० वॅटच्या मोठ्या उपकरणात घालू नका. एका झुरक्यात इतकं निकोटीन जातं की आजारी पडाल.

मोठ्या वॅटच्या उपकरणांचा खर्चही बघा. ती दिवसाला १० मिलीची बाटली सहज संपवतात, छोट्या पॉडला दोनेक मिली पुरतं. १ ऑक्टोबर २०२६ पासून इथे दर १० मिलीमागे २ पौंड २० पेन्स कर ठरलेला आहे, त्यामुळे हा फरक खिशाला आणखी जाणवेल.

मग व्हेरिएबल कोणासाठी? ज्याची सिगारेट सुटून काही महिने झालेत, ज्याला आपल्या कॉइलचा ओहम पाठ आहे आणि ज्याला निकोटीन २० वरून १०, १० वरून ५ असं उतरवायचंय. उतरवताना झुरक्याची ऊब तशीच राहावी म्हणून अर्धा-एक वॅट इकडेतिकडे करता येणं तेव्हा खरंच कामाला येतं. थंडीत लिक्विड घट्ट होतं, तेव्हाही. मी २०२० मध्ये असा घेतला. नियम एकच पाळला: छापलेल्या श्रेणीच्या तळापासून सुरुवात, अर्ध्या वॅटने वर, आणि चव नीट आली की तिथेच थांबायचं. श्रेणीच्या वरच्या टोकाला मला कधी जावंच लागलं नाही.

घेतल्यावरची काळजी. नवीन पॉड भरला की दहा मिनिटं तसाच ठेवा, कापूस पूर्ण भिजू द्या. नव्या कॉइल जळतात त्या बहुधा या पहिल्या दहा मिनिटांच्या घाईत. छोट्या कॉइलला निम्मं प्रोपिलीन ग्लायकॉल, निम्मं ग्लिसरीन अशा मिश्रणाचं पातळ लिक्विड लागतं, ७० टक्के ग्लिसरीनचं घट्ट लिक्विड त्या कापसात झिरपत नाही आणि मग पुन्हा करपणं आलंच. फार गोड चवीचं लिक्विड कॉइलवर काळा थर चढवतं. बॅटरी आत बसवलेलीच घ्या. सुट्या बॅटऱ्या खिशात किल्ल्यांसोबत ठेवल्या तर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतात.

सोबत त्या मोफत सेवेत नाव नक्की नोंदवा. निकोटीनचा व्हेप हा निकोटीनच्या पॅच (त्वचेला चिकटवायची पट्टी) आणि गमपेक्षा सिगारेट सोडवायला जास्त उपयोगी पडतो, हे वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातून भक्कमपणे पुढे आलंय. पण दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी सात वाजता जीव कासावीस होतो तेव्हा फोन उचलणारं माणूस लागतं. माझा फोन त्या बाईंनी चारदा उचलला.

आणि दिवाळीला घरी जाणार असाल तर व्हेप इथेच ठेवून जा. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा होऊन ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, सगळ्यावर बंदी आली. आयात, विक्री, वाहतूक अशा पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्यापुरता एकच आहे म्हणून सूट असेल या भरवशावर राहू नका. मी जाताना पॅच नेतो, आणि २ मिलिग्रॅमचं निकोटीन गम तिकडे मेडिकलच्या दुकानात मिळतं. पहिल्या वर्षी सांगलीत जुने मित्र टपरीवर उभे होते, तेव्हा तोंडात गम आणि हातात चहाचा ग्लास एवढ्यावर मी तासभर काढला.

दुकानात कुठला पॉड दाखवतात त्याचं नाव आणि कॉइलवरचा ओहम खाली लिहा, किती वॅट पडतील ते मी गणित करून सांगतो.