वॅगन घेऊन मातीत उतरण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, फोटोही पाहिले. १९९० ची व्हॉल्वो २४०, तीही स्टेशन वॅगन (लांब टपाची, मागे सामानाची मोठी जागा असलेली), आणि ती घेऊन तुला चार सिलिंडरच्या स्टॉक गटात, म्हणजे फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांच्या शर्यतीत, मातीच्या ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) उतरायचंय. सगळे हसले, असं लिहिलंयस. मला हसू आलं नाही, उलट आनंद झाला. एकच विचारतो: ती कुणाकडे नाही म्हणून आवडली, की मातीवर ती काय करेल याचा विचार करून आवडली? पहिलं कारण असेल तर पैसे खिशातच ठेव. दुसरं असेल तर पुढचं नीट वाच.

नॅसकार या स्टॉक गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकन संस्थेत पहिला विजय गेला तोच अनपेक्षित गाडीकडे. १९ जून १९४९ ला शार्लटच्या पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर नॅसकारची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली, २०० फेऱ्यांची. सर्वांत पुढे आला ग्लेन डनवे, फोर्डमध्ये. तपासणीत त्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये केलेला फेरफार सापडला, डनवे बाद झाला आणि विजय गेला जिम रोपरकडे. त्याची गाडी होती लिंकन, म्हणजे जड, ऐषारामी, शर्यतीसाठी कुणी मुद्दाम घेणार नाही अशी. पुढे १९५२ साली हडसननं ३४ पैकी २७ शर्यती जिंकल्या. व्ही-८ इंजिनांच्या त्या जमान्यात हडसन हॉर्नेटमध्ये जुन्या धाटणीचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, पण तिची बैठक खाली होती आणि वळणावर ती घट्ट बसायची.

डनवेची गोष्ट मुद्दाम सांगितली. गाडी बघण्याआधी तुझ्या ट्रॅकची नियमावली वाच, आणि फक्त तुझ्याच ट्रॅकची, कारण शेजारच्या ट्रॅकवर चालणारी गाडी तुझ्याकडे दारातूनच परत जाऊ शकते. काही ठिकाणी वॅगन, पिकअप आणि उघड्या टपाच्या गाड्यांना सरळ मनाई असते. इंजिनाची कमाल क्षमता बघ, तुझं २.३ लिटरचं आहे. व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) अट बघ, तुझा साधारण १०४ इंच भरतो. मागचा डिफ (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा गिअर) वेल्ड करून दोन्ही चाकं एकत्र फिरवायला परवानगी आहे का, तेही बघ. जिथे नियम गप्प आहे तिथे आपल्याला सोयीचा अर्थ काढू नकोस. तांत्रिक तपासनिसाला आधीच विचार आणि उत्तर लेखी घे. ‘नाही’ आलं तर विषय तिथेच संपला, दुसरी गाडी शोधू.

‘हो’ आलं, तर ही गाडी मला का पटते ते सांगतो.

शर्यतीच्या संध्याकाळी माती सुरुवातीला ओली, चिकट असते. तेव्हा ज्याचं इंजिन दांडगं तो पळतो. पण गाड्या फिरून फिरून पाणी उडतं, वरचा थर घासला जातो, आणि मुख्य शर्यतीच्या वेळी तोच ट्रॅक कोरडा, काळपट, गुळगुळीत झालेला असतो. तिथे जास्तीची ताकद चाकं नुसती गरगर फिरवण्यात जाते. तुझ्या इंजिनाची मूळ ताकद ११४ हॉर्सपॉवर. ऐकायला ती कमी वाटते, पण कोरड्या मातीवर तू तिच्यातली बरीचशी खरोखर जमिनीला देऊ शकशील. त्यात गाडी मागच्या चाकांवर चालते, मागे अखंड ॲक्सल आहे, कॉइल स्प्रिंग आहेत, आणि आडवा रॉड ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत वळवणं आणि ओढणं ही दोन्ही कामं एकाच जोडीच्या टायरांवर पडतात. उजवा पुढचा टायर तापला की त्या बाहेर सरकू लागतात. तुझ्याकडे ॲक्सिलरेटरनं मागची बाजू वळवायची सोय आहे, आणि गाडी चालवणं तू त्यातूनच शिकशील.

वॅगनचा मागचा भार दुधारी आहे. मागची काच तर काढावीच लागेल, तरी लांब टप आणि मागचा सांगाडा राहतोच. वळणातून बाहेर पडताना तो भार मागच्या चाकांना मातीत दाबतो. पण मागची बाजू एकदा मर्यादेबाहेर सुटली की तिला आवरायला वेळ लागतो. म्हणून वळणात शिरताना हात आणि पाय दोन्ही संथ ठेवायची सवय लाव. वजन वाढवायची अट असेल तर शिशाचे ठोकळे बोल्टनं पक्के बसव. बहुतेक ठिकाणी ते पांढरे रंगवून त्यांच्यावर गाडीचा नंबर घालावा लागतो.

कमी पैशांत खेळणाऱ्यासाठी या इंजिनाचा आणखी एक गुण आहे. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची हालचाल इंजिनाच्या फिरण्याशी जुळवणारा पट्टा) तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, नवा बेल्ट घालून पुढे जाता येतं. आणि गाडी १९९० ची आहे हे फार बरं, कारण १९८० ते ८७ दरम्यानच्या २४० मध्ये इंजिनाच्या वायरिंगचं आवरण कालांतरानं झडून जातं. तसली गाडी कुणी फुकट दिली तरी पूर्ण नवं वायरिंग धरूनच हिशेब कर.

आता अडचणी. सगळ्यात मोठी चाकांची. शर्यतीच्या दुकानातली तयार स्टीलची चाकं मुख्यतः अमेरिकन गाड्यांच्या बोल्टच्या मापांत येतात, तुझं माप पाच बोल्ट, १०८ मिलिमीटर. सुटं चाक एका रात्रीत मिळणार नाही. दुसरी अडचण उजव्या पुढच्या कोपऱ्याची. डावीकडे वळत राहणाऱ्या ओव्हलवर तोच कोपरा भिंतीला आणि दुसऱ्या गाड्यांना लागतो, आणि तुझ्याकडे तिथे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा भाग) आहे, जो वाकला की सरळ होत नाही. म्हणून माझी अट ऐक: पहिली वॅगन घेण्याआधी सुट्या भागांसाठी दुसरी २४० कुठे आहे ते शोध. सेडान असली तरी चालेल, पुढचा भाग सारखाच असतो. स्ट्रट, हब, कंट्रोल आर्म, स्टिअरिंगचे टाय-रॉड आणि चार चाकं उतरवून कपाटात ठेवता आली, तरच ही निवड शहाणपणाची. नाहीतर दुसऱ्याच शर्यतीत एका वाकलेल्या भागापायी तुझा हंगाम संपेल.

ब्रेकच्या नळ्यांना उगाच हात लावू नकोस. या गाडीत दोन सर्किट आहेत आणि प्रत्येक सर्किट पुढची दोन्ही चाकं आणि मागचं एक चाक सांभाळतं. पुढे-मागे ब्रेकचा जोर कमी-जास्त करायचा साधा व्हॉल्व्ह इथे सहज बसत नाही. मूळचे ब्रेक चांगले आहेत, ते तसेच ठेव.

सुरक्षेच्या सामानात काटकसर नको. सीट, पट्टे, हेल्मेट, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), हे आधी, टायर नंतर, इंजिनावर खर्च सगळ्यात शेवटी. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या ‘एसए’ मानकाचंच घे, ते गाड्यांच्या शर्यतीसाठी असतं. मोटरसायकलच्या ‘एम’ मानकात आगीची चाचणी नसते. एसएफआय या शर्यतीच्या सामानाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या १६.१ मानकाचे पट्टे दोन वर्षांनी बाद होतात, त्यामुळे कुणाचे जुने पट्टे आले तर आधी त्यावरची तारीख वाच. आणि या गाडीला वेगळी चेसिस नाही, टपासकट पत्रा हाच सांगाडा, म्हणून केजचे पाय जिथे टेकतात तिथे जमिनीला रुंद, जाड प्लेट वेल्ड झाल्याच पाहिजेत. हे काम अनुभवी वेल्डरकडून करून घे.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं कर. तपासनिसाला पत्र टाक. आणि गाडी पुन्हा बघायला जाशील तेव्हा गालिचा उचलून खालचा पत्रा बघ, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या स्प्रिंगांच्या बैठकी स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघ. पत्रा आत गेला तर सौदा सोड, कितीही स्वस्त असली तरी. टणक लागला, तर त्या जागांचे फोटो मला पाठव. तोवर बयाणा देऊ नकोस.

तुझा,
काका