हाव धरून, पैशाच्या मागे धावून माणूस खरंच सुखी होतो का?

पैसा आणि हाव, या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. घरभाडं, मुलांची फी, आईबाबांचं औषधपाणी टेन्शन न घेता भागतंय म्हटल्यावर माणूस सुखी होतोच, पैशाने सुख मिळत नाही हे ज्याचं पोट भरलंय त्यानेच म्हणावं.

पण हावेचं म्हणाल तर शेअर बाजारातलं एफ अँड ओ बघा, म्हणजे फ्युचर्स अँड ऑप्शन्स, भाव पुढे वर जाईल की खाली यावर लावलेले सौदे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये आकडे दिले की तीन आर्थिक वर्षांत असं ट्रेडिंग करणाऱ्या 93 टक्के सामान्य लोकांचा तोटा झाला, सगळ्यांचा मिळून 1.8 लाख कोटींच्या वर, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की सलग दोन वर्षं बुडालेल्यांपैकी पाऊणहून जास्त लोक तरीही खेळतच राहिले!

आमच्या ऑफिसातला एक पोरगा डबा उघडून बसतो, पोळी हातात तशीच आणि डोळे बँक निफ्टीवर (बँकांच्या शेअर्सचा निर्देशांक), फायदा झाला तरी चेहरा पडलेलाच कारण लॉट (सौद्याचे ठरलेले गठ्ठे) कमी घेतला म्हणून. पगार चांगला आहे हो त्याचा. जीव तुटतो बघून. तुमच्या घरात असं कुणी असेल तर ओरडू नका, शांतपणे शेजारी बसून वर्षभराचा हिशोब त्यालाच मांडायला लावा.