आजोबांचा आवाज आठवेनासा झाला, म्हणजे मी त्यांना विसरत चाललो आहे का?

आपण लिहिले आहे की आजोबांना जाऊन पाच वर्षे झाली, छायाचित्रांमुळे चेहरा लक्षात आहे, पण आवाज काही केल्या आठवत नाही आणि त्यामुळे अपराधी वाटते. माझ्या आजोबांचा आवाज मलाही आठवत नाही, आणि तरीही मी त्यांना विसरले आहे असे मला मुळीच वाटत नाही.

आमचे नाते त्यांच्या कमी ऐकू येण्यातूनच घडले. मी सहा-सात वर्षांची असताना मला वाटे की ते माझ्यावर नाराज आहेत, कारण वडिलांनी मागच्या खोलीतून हाक मारली तरी ते ओ देत आणि मी शेजारी उभी राहून काही विचारले तर नुसते हसत. उतारवयातला बहिरेपणा बहुधा वरच्या पट्टीच्या, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजांपासून सुरू होतो, हे मला फार उशिरा कळले. लहान मुलांचा आवाज मुळातच त्या पट्टीकडे झुकलेला असतो, शिवाय ‘स’सारख्या व्यंजनाचा ध्वनी ४००० हर्ट्झच्याही वर जातो, त्यामुळे कोणीतरी बोलत आहे एवढे कळते, पण शब्द लागत नाहीत. ओरडून सांगितले तर स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने मात्र हरवलेलीच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांचा श्रवणदोष रोजच्या व्यवहारात अडचण येण्याइतका असतो. माझ्यासारखाच गैरसमज करून घेतलेली नातवंडे किती असतील, या विचाराने आजही वाईट वाटते.

तोडगा आजोबांनीच काढला. ते मला समोरच्या स्टुलावर, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर पडेल असे बसवीत. मी आधी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा, त्यांनी चष्मा सारखा करून माझ्या ओठांकडे पाहायचे, आणि मगच बोलायला सुरुवात करायची, असा आमचा करार होता. एखादा शब्द निसटला तर समजल्यासारखी मान न डोलावता ते तर्जनी वर करीत. मग तोच शब्द ओरडून न सांगता मी दुसरा शोधत असे, कारण ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक त्यांना कितीही वेळा सांगितला तरी कळत नसे, पण ‘आठाच्या आधीचा’ म्हटले की लगेच कळे. एका गोष्टीसाठी दोन-तीन शब्द हाताशी ठेवण्याची सवय मला तिथे लागली. आजही मी समोरच्याकडे तोंड करून, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलते. माझ्या बोलण्याला हे वळण त्यांच्या कानांनी लावले आहे.

गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेतल्याशिवाय दुःख ओसरत नाही, असे मानसशास्त्रात दीर्घकाळ मानले जाई. शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वेगळी मांडणी केली: नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते, आणि असे नाते जपणे हा आजार नव्हे. मला हे मनापासून पटते. म्हणून आवाज आठवण्यासाठी स्वतःला छळण्यापेक्षा, आजोबांमुळे आपण कोणती गोष्ट वेगळ्या रीतीने करू लागलात ते आठवून पाहावे.

आणखी एक सुचवते. मनाने आवाज आपणहून आठवणे आणि ऐकल्यावर ओळखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी बरीच सोपी असते. नातेवाइकांच्या जुन्या फोनमध्ये जरूर शोधावे. आमच्याकडे ११ सेकंदांचे एकच ध्वनिमुद्रण सापडले. ते बंद केले की तासाभरात आवाज मनातून निसटतो, पुन्हा लावले की पहिल्या अक्षरालाच ओळख पटते. त्यात ते मला म्हणतात, “हं, आता सांग, माझे लक्ष आहे.”