बारा वर्षांच्या मुलाला ज्युदोच्या आंतरराज्य स्पर्धेसाठी परराज्यात पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा बारा वर्षांचा आहे, दीड वर्षापासून ज्युदो शिकतोय, क्लबने त्याला मध्य प्रदेशातल्या एका आंतरराज्य निमंत्रितांच्या स्पर्धेसाठी निवडलंय, चार दिवस शाळा बुडणार आहे, आणि सरांनी सांगितलंय की दीड किलो वजन उतरवलं तर तो ३५ किलोच्या वजनगटात बसेल. पाठवू का, असा तुमचा प्रश्न आहे.

पाठवा. पण ते दीड किलो उतरवू नका. त्याला ४० च्या गटात खेळू दे. सर ऐकत नसतील तर या वेळी पाठवू नका, पुढच्या वेळी पाठवा.

मी नाशिकमध्ये लहान मुलांना ज्युदो शिकवते. त्याआधी स्वतः राज्य स्पर्धेपर्यंत खेळले. गेली पंधरा वर्षं दरवर्षी एक-दोनदा तरी मुलांना घेऊन परराज्यात जाते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो, आणि दर वर्षी मी वजनापासूनच सुरुवात करते.

सब-ज्युनियर, म्हणजे या लहान वयाच्या, मुलांचे वजनगट साधारण ३०, ३५, ४०, ४५ असे पाच-पाच किलोंनी वर जातात, मुलींचे २८, ३२, ३६, ४० असे चार-चार किलोंनी. निमंत्रितांच्या स्पर्धेत आयोजक यात थोडाफार बदल करतात. म्हणजे तुमचा मुलगा आज साडेछत्तीसच्या आसपास असणार. ४० च्या गटात तो सगळ्यांत हलका ठरेल, ३५ मध्ये सगळ्यांत भारी, हा सरांचा हिशेब. कागदावर तो बरोबर दिसतो. पण साडेछत्तीस किलोच्या पोराचे दीड किलो म्हणजे बहात्तर किलोच्या माणसाचे तीन किलो, आणि ते आठवड्याभरात उतरवायचे तर चरबी उतरत नाही, अंगातलं पाणी उतरतं. पाणी उतरलेल्या मुलाची पकड पहिल्या मिनिटातच सैल पडते. ज्युदोत पकडच गेली तर उरलं काय?

शिकवायला लागले तेव्हा पहिल्या वर्षी मी स्वतः हे केलं आहे. एक मुलगी होती, ३६ च्या गटाला साडेसहाशे ग्रॅम जास्त. मी तिला रात्री जेवू दिलं नाही, पहाटे जाड स्वेटर घालून पळवलं, पाण्याने फक्त चूळ भरायला सांगितली. वजन बसलं. दुपारी दुसऱ्या फाईटला ती मॅटवर उभी राहिली तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. हरली, त्याचं मला काही वाटलं नाही. पण पुढे कित्येक महिने ती क्लबच्या सहलीतही डबा उघडायची नाही, आधी आपलं वजन विचारायची. बारा वर्षांच्या मुलीच्या मनात अन्नाची भीती मी घातली होती. त्या वर्षापासून आमच्याकडे नियम आहे: ज्या दिवशी नाव द्यायचं त्या दिवशी जेवून-खाऊन जे वजन भरेल, त्यानुसार गट. काठावर असेल तर वरचा गट. वाढीच्या वयातलं मूल नाव दिल्यापासून स्पर्धेपर्यंत किलोभर वाढूही शकतं, आणि ते वाढायलाच हवं.

हे माझं एकटीचं मत आहे असं वाटत असेल तर जपानकडे बघा. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जिथे ज्युदो सुरू केला, त्या देशाच्या ज्युदो महासंघाने २०२२ च्या मार्चमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंदच करून टाकली. पाचवी-सहावीची मुलं त्यात खेळायची, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाची. कारणं काय, तर प्रशिक्षक आणि पालक मुलांना वजन उतरवायला लावत होते, आणि गॅलरीतून पंचांवर, समोरच्या मुलांवर ओरडत होते. तेव्हा महासंघाचे अध्यक्ष होते यासुहिरो यामाशिता, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे सुवर्णपदक विजेते. जिंकणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आपल्याकडचंही एक उदाहरण मी पालकांना नेहमी देते. मणिपूरची लिंथोई चनंबम २०२२ मध्ये बोस्नियातल्या साराएवोला ५७ किलो गटात जागतिक कॅडेट (अठरा वर्षांखालील) विजेती झाली. भारताच्या ज्युदोत त्याआधी असं कधी घडलं नव्हतं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यानंतर २०२५ मध्ये लिमाला जागतिक ज्युनियर स्पर्धेत तिने कांस्य जिंकलं ते ६३ च्या गटात. शरीर वाढलं तसा गट वर गेला. तुमच्या मुलाकडे सोळा व्हायला अजून चार वर्षं आहेत, कसली घाई आहे?

आता पाठवण्याआधी तुम्ही स्वतः बघायची एक गोष्ट. त्याला नीट पडता येतं का? सरांना विचारू नका, एक दिवस संध्याकाळी क्लबमध्ये जाऊन बसा. त्याला कुणी उचलून टाकलं की तो हात मागे टेकवून स्वतःला सावरायला जातो का, हे बघा. हात टेकवणाऱ्या मुलाचं कोपर किंवा मनगट जातं. उकेमी, म्हणजे पडण्याची पद्धत, पक्की असलेलं मूल हनुवटी छातीशी ओढतं, हाताने मॅटवर चापट मारतं आणि उठून उभं राहतं, त्याला विचार करावा लागत नाही. वीस-पंचवीस वेळा टाकून घेतल्यावर, दमल्यावरही तसंच पडत असेल तर तो तयार आहे. दीड वर्षात बहुतेक मुलं तिथवर येतात. आणि डोक्याला मार बसून मूल गोंधळलं, ओकलं किंवा डोकं दुखतंय म्हणालं, तर त्या दिवशी त्याची फाईट संपली, मग पुढची फायनल का असेना. हे सरांकडून आधीच कबूल करून घ्या.

स्पर्धेबद्दल विचारायचा माझा पहिला प्रश्न असतो, मुलाला कमीत कमी किती फाईट मिळणार? ज्युदोत प्रत्येक गटात एक सुवर्ण, एक रौप्य आणि दोन कांस्य असतात. गटात चारच मुलं आली तर चौघांच्याही गळ्यात पदक पडतं, एकही फाईट न जिंकलेल्याच्यासुद्धा. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या "आमच्या क्लबला अठरा पदकं" या फोटोला मी फार महत्त्व देत नाही. उलट एकदा हरला की सरळ बाहेर, अशी पद्धत असेल तर मूल सातशे किलोमीटर जाऊन अर्ध्या मिनिटात मोकळं होतं. लहान गटांत साखळी पद्धतीने दोन-तीन फाईट देणारे आयोजक मला आवडतात. आणि दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी ही स्पर्धा उपयोगी पडेल असं कुणी सांगितलं असेल तर त्यावर लगेच विसंबू नका. निमंत्रितांच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि शालेय स्पर्धांचं किंवा अधिकृत संघटनेच्या राज्य-राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र सारखं धरलं जात नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारलेलं बरं.

मग एवढं लांब जायचं कशाला? तर अनोळखी पकडीसाठी. आमच्या क्लबची मुलं वर्षभर एकमेकांनाच टाकतात. कोण कुठल्या बाजूने येणार, कुणाचा पाय कधी लागणार, हे त्यांना पाठ झालेलं असतं. परराज्यात गेलं की समोरचा मुलगा जॅकेट भलत्याच ठिकाणी धरतो आणि आपल्या पोराचं सगळं शिकलेलं एका क्षणात अडकतं. ते अडकणं फार मोलाचं असतं, घरच्या मॅटवर ते मिळत नाही.

आपल्या भागातली बरीच मुलं तालमीतून किंवा पैलवानांच्या घरातून ज्युदोला येतात, तुमचा मुलगा तसा असेल तर एक सांगते. आमच्याकडे सिन्नरकडचा एक मुलगा होता, आजोबा जुने पैलवान. कुस्तीतली ढाक आणि टांग त्याच्या अंगात इतकी भिनलेली की ज्युदोचे कमरेवरचे डाव त्याला महिन्याभरात जमले. पण पहिल्याच स्पर्धेत घाबरला आणि थेट पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, खाली गेला. ज्युदोत उभ्याने पाय धरता येत नाही, २०१० पासून त्यावर बंधनं आली आहेत. शिदो, म्हणजे दंड, मिळाला. पुन्हा तेच केलं, पुन्हा शिदो. तिसऱ्या शिदोला हन्सोकुमाके, म्हणजे थेट बाद, फाईट संपली. आजोबा गॅलरीत उभे राहून विचारत होते, अरे पोराने चूक काय केली? नियम घरच्यांनाही समजावून सांगायला हवेत हे मी त्या दिवशी शिकले.

प्रवासाचं थोडक्यात. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाईड मूळ प्रतींसह द्या, संमतीपत्र वाचूनच सही करा. जुडोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, वाढत्या अंगाची म्हणून मोठी घेऊन बाह्या दुमडलेल्या चालत नाहीत. नखं कापलेली हवीत. अंगावर गजकर्णाचा चट्टा असेल तर आत्ताच दाखवून औषध सुरू करा, एका मुलाचं मॅटवरून दहा मुलांना होतं. खोलीपासून मॅटपर्यंत चपला घालूनच जायचं, हे त्याला बजावा. मुक्काम कुठे, एका खोलीत किती मुलं, रात्री मुलांसोबत कोण मोठं माणूस असणार, संघात मुली असतील तर बाई मॅनेजर आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. मुलगा पाठवत असलात तरी विचारा. चांगल्या क्लबला या प्रश्नांचा राग येत नाही, आणि ज्याला येतो तिथे मी माझं मूल पाठवलं नसतं.

सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू द्या. वजन झाल्याबरोबर मुलं बाहेरच्या खाण्यावर तुटून पडतात.

आता त्या चार दिवसांतला सगळ्यांत अवघड भाग. बहुतेक मुलं पहिल्या आंतरराज्य स्पर्धेत हरतात. तुमचाही हरेल असं धरून चाला. दोन वर्षांपूर्वी आम्ही पंजाब मेलने रात्री नाशिक रोडहून निघून भोपाळला गेलो होतो. आमच्यातला एक तेरा वर्षांचा मुलगा, जिल्ह्यात सलग तीन स्पर्धा जिंकलेला, पहिल्याच फाईटला उभा राहिला. समोरचा डावखुरा. पंचांनी हाजिमे, म्हणजे सुरू करा, म्हटल्यावर अकराव्या सेकंदाला आमचा मुलगा पाठीवर होता. डाव्या खांद्यावरून टाकायचा डाव, सेओई नागे, आणि स्वच्छ इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, फाईट तिथेच संपली. त्याने वाकून नमस्कार केला, मॅटवरून उतरला आणि भिंतीकडे तोंड करून जॅकेट डोक्यावर ओढून बसला. मी शेजारी बसले, काही बोलले नाही. तेवढ्यात घरून फोन आला. पहिला प्रश्न, "काय झालं, मेडल?" त्याने फोन माझ्या हातात दिला.

तासाभराने मी त्याला आमच्या लहान मुलांच्या नावांचा पुकारा ऐकायला दाराशी बसवलं. कुणाची फाईट कुठल्या मॅटवर, कुणाला पाणी हवं, कुणाचा पट्टा सुटलाय, ही कामं दिली. संध्याकाळी राहायच्या जागी बघते तर तो आणि त्याला हरवणारा मुलगा व्हरांड्यात उभे. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याची हिंदी अर्धवट. तो डावखुरा मुलगा स्वतःच्या बाहीची पकड दाखवत होता, इथे धरायचं, मग कोपर असं आत. आमच्याने तीच पकड चार-पाच वेळा करून बघितली. नाशिकला परतल्यावर आठवडाभर क्लबमधली सगळी मुलं डाव्या बाजूने पकड घेत होती. जिल्ह्यात जिंकलेल्या तीन स्पर्धांनी मिळून आमच्या क्लबला एवढं दिलं नव्हतं.

म्हणून फोन कराल तेव्हा पहिल्यांदा जेवलास का ते विचारा. निकाल तो स्वतः सांगेल, त्याला हवं तेव्हा. शाळेचे चार दिवस बुडू देत, वह्या मित्रांच्या बघून रविवारी पूर्ण होतील. आज रात्री तो पोटभर जेवला की वजनकाट्यावर उभा करा, आणि जो आकडा येईल तोच उद्या सकाळी सरांना कळवा.