लठ्ठपणा गरिबांमध्ये जास्त असतो की श्रीमंतांमध्ये?

देश किती श्रीमंत आहे आणि आपण स्त्रियांबद्दल बोलतोय की पुरुषांबद्दल, यावर ते ठरतं. १९८९ साली सोबल आणि स्टंकार्ड या अमेरिकी संशोधकांनी १४४ अभ्यास एकत्र तपासले. विकसित देशांत गरीब स्त्रियांमध्ये लठ्ठपणा जास्त आढळला, विकसनशील देशांत नेमका सुखवस्तू लोकांमध्ये. विकसित देशांतल्या पुरुषांचं चित्र मात्र इतकं ठाम नव्हतं. श्रीमंत देशांत गरिबांमध्ये लठ्ठपणा जास्त असण्याचं एक मोठं कारण पैशाचंच: तेल, साखर, मैद्याचे पदार्थ स्वस्तात पोट भरतात, तेवढ्याच पैशांत भाज्या-फळं घेतली तर भूक भागत नाही. हातात पैसा कमी असलेली आई नवी भाजी करून बघायला कचरते, कारण पोरांनी ताट सरकवलं तर दुसरं काही करायला घरात नसतं. तिला आहारातलं कळत नाही, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. व्यायामाला तर पैशाआधी मोकळा वेळ लागतो, आणि दिवसभर ओझी उचलून आलेल्या माणसाकडे तो नसतो. एक लक्षात घ्या, ही सगळी सरासरी आहे. एखाद्याच्या वजनावरून त्याची मिळकत ओळखता येत नाही, आणि देश श्रीमंत होत जातो तसा लठ्ठपणाही हळूहळू गरिबांकडे सरकतो.