अनोळखी सवंगडी

प्रश्न : माझा १४ वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी ‘बीजीएमआय’ हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ खेळताना अनोळखी मुलांशी हेडफोनवर बोलत असतो. हे थांबवावे का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : लगेच थांबवू नका. या खेळात सुमारे १०० खेळाडू एका नकाशावर उतरतात आणि चौघांचा संघ अनेकदा यंत्रणाच जुळवून देते. त्यामुळे समोरचा कोण, कुठला हे कळण्याआधीच ‘मला उठव’ अशी हाक कानावर येते, आणि जखमी सवंगड्यासाठी गोळीबारात धावणारा तुमचा मुलगा त्या क्षणी खरोखरच कुणाच्या तरी मदतीला गेलेला असतो. स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर एक गडी कमी पडला की अनोळखी मुलालाही संघात घेतात, तसेच हे; मात्र मैदानावर चेहरा दिसतो, येथे केवळ आवाज. म्हणून मला खरी काळजी वाटते ती फोटो, शाळेचे नाव किंवा ओटीपी मागणाऱ्याची आणि गोड बोलून दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावणाऱ्याची. काही दिवस त्याच्या शेजारी बसा, शिवीगाळ करणाऱ्याला म्यूट आणि रिपोर्ट कसे करतात हे त्याच्याकडूनच शिकून घ्या. फसवणुकीत पैसे गेलेच, तर त्याला रागावण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवा.